झोळी बांधावर, थोरली शाळेबाहेर



दिवाळीच्या आगेमागे सुरगाणा, पेठ, कळवणचे पाडे ओस पडू लागतात. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणी, पेस्ट लावणं, विरळणी, डिपिंग अशी कामं निघतात. टोळी एकरावर उक्तं काम घेते. आई बागेत, तान्हं बांधावरच्या झोळीत. फवारा चालू असला की औषधाचा वास तिथपर्यंत येतो. आणि झोळी हलवायला कोण? आठ-नऊ वर्षांची थोरली बहीण. एका झोळीपायी दोन पोरांचं नुकसान. तान्ह्याचं नाव पाड्यावरच्या अंगणवाडीत आहे, थोरलीचं शाळेच्या हजेरीत आहे. पोरं मात्र बांधावर आहेत.

कायदा काय म्हणत होता? चहा, कॉफी, रबराच्या मळ्यांसाठी 1951 चा कायदा होता. 50 बाया कामावर असल्या किंवा त्यांची सहा वर्षांखालची 20 मुलं असली, तर मालकानं पाळणाघर चालवायचं, असं त्यात होतं. त्या पिकांत द्राक्ष नव्हतं. केंद्राची मंजुरी घेऊन राज्य सरकार दुसरं पीक त्यात घालू शकत होतं, पण तेही पाच हेक्टर आणि 15 मजूर किंवा त्याहून जास्त असलेल्या मळ्यांना. आपण जातो त्या बऱ्याच बागा त्याहून लहान. म्हणून एकेका मालकाकडे नाही, तर गावागणिक पाळणाघर मागायला हवं.

2005 चा रोजगार हमी कायदा पाहा. कामावर पाच लहान मुलं आली, की एका बाईनं ती सांभाळायची आणि तिला मजुरी द्यायची, असं त्यात होतं. म्हणजे पोरं सांभाळणं हे काम आहे, हे सरकारनंच मान्य केलंय. मग बागेत का नाही?

डहाणूजवळ कोसबाडला वारली पोरं गुरांमागे जायची, शाळेत यायची नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणात नेली. तीच कुरणशाळा. पोर जिथं, शाळा तिथं. आपलं मागणंही एवढंच आहे.

म्हणून टोळीनं उक्तं ठरवतानाच एका बाईची पूर्ण हजेरी पोरांसाठी धरून घ्यावी. सावली, पिण्याचं पाणी आणि फवाऱ्यापासून लांब जागा, हेही आधीच बोलून घ्यावं. ग्रामसभेनं ठराव करावा, की हंगामात टोळी उतरेल त्या गावच्या अंगणवाडीनं आपली पोरं घ्यावीत, त्यांना आहार द्यावा, आणि थोरलीला तिथल्या शाळेत बसू द्यावं. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक पाड्यानं यादी आणावी: किती घरं जातात, कुठल्या गावी, सहा वर्षांखालची पोरं किती.

वनजमिनीचा दावा आपण लढतोय. जमीन नावावर झाली, तिला पाणी मिळालं, दुसरं पीक निघालं, तर बागेची वाट धरावी लागणार नाही. पण तान्हं तोवर थांबत नाही, ते वाढतच असतं. ज्यांच्यासाठी जमीन मागतो, त्या पोरांना आज बांधावर टाकून उद्याची जमीन कोण कसणार?