ताऱ्यांची धग, डोंगराच्या पोटात

मुलांनो, दौंड स्टेशनात मालगाडी धडधडत चाललीय आणि तुम्हांला मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकायचीय. काय कराल? गाडी काही थांबवता येत नाही. मग आपणच लांब जायचं! ताऱ्यांच्या पोटातली आग तपासणाऱ्या शास्त्रज्ञांनीही असंच केलं. ते डोंगराखाली गेले.

सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश तापमान असतं. तिथं हायड्रोजनचे चार अणुगर्भ पायरीपायरीनं जुळून हेलियमचा एक होतो. पण गंमत अशी, की ही क्रिया फार सावकाश चालते. गाभ्यातल्या एक घनमीटर जागेत निर्माण होणारी उष्णता शेणखताच्या ढिगातल्या उष्णतेएवढीच! शिरूरकडच्या मुलांना उकिरड्याची धग काही नवी नाही. सूर्य एवढा तळपतो, तो अवाढव्य आहे म्हणून.

हीच क्रिया प्रयोगशाळेत करायची, तर प्रवेगक यंत्रातून अणुगर्भ एकमेकांवर आदळवतात. टक्करी अब्जावधी, जुळणारी जोडी एखादीच. त्यात आकाशातून म्युऑन नावाच्या कणांचा न दिसणारा पाऊस सतत पडतो. आत्ता तुमच्या तळहातातूनही सेकंदाला साधारण एक जातोय. हीच ती मालगाडी!

हा पाऊस चुकवायला मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली मंडळी कोलारच्या सोन्याच्या खाणीत उतरली होती. तिथं सव्वादोन किलोमीटरहून खोल, १९६५ साली, क्वचितच हाती लागणाऱ्या न्यूट्रिनो कणांची नोंद झाली. ताऱ्यांमधल्या क्रियांसाठी इटलीत ग्रान सासो डोंगराखाली, १४०० मीटर खडकाच्या आडोशाला, 'लुना' हा प्रवेगक बसवला. तिथं दहा लाख म्युऑनांतला जेमतेम एक पोचतो. १९९९ साली त्यांनी सूर्यातलीच एक पायरी सूर्यातल्याच ऊर्जेला मोजली. सगळ्यात कमी ऊर्जेला नोंदी किती मिळाल्या? महिन्याला दोन! आपण दोन मिनिटं बसची वाट पाहिली की कंटाळतो.

मोठ्या आणि म्हाताऱ्या ताऱ्यांत हायड्रोजन नायट्रोजनच्या मदतीनं जळतो. ती क्रिया समजत होतो त्याच्या निम्म्याच वेगानं होते, असं 'लुना'त २००४ साली दिसलं. इंधन हळू जळतं, म्हणजे एवढं जळायला जास्त काळ लागला असणार. झालं! जुन्या तारकागुच्छांचं वय ७० ते १०० कोटी वर्षांनी वाढलं.

असा एक गुच्छ आपल्याकडूनही दिसतो. मेच्या मध्यावर, चांदणं नसताना, रात्री दहाच्या सुमारास गावाच्या दिव्यांपासून दूर जा आणि दक्षिणेला खाली बघा. नरतुरंग तारकासमूहात एक पुसट, धुरकट ठिपका दिसेल. त्याचं नाव ओमेगा सेंटॉरी.