सहाय्यकाला मुख्य कोच करावं का?



बास्केटबॉल संघाचा मुख्य कोच गेला, की घरोघरी एकच वाद सुरू होतो. नवा कोच बाहेरून आणायचा, की बाकावर त्याच्या शेजारी बसणाऱ्या सहाय्यकालाच बढती द्यायची? आजोबा म्हणतात एक, नातू म्हणतो दुसरंच. आज त्याविषयीच लिहिते. उदाहरणही आपल्या तेल अवीवचंच घेऊ.

१८ मे २०१४ रोजी मिलानमध्ये माक्काबी तेल अवीवने रिआल माद्रिदला जादा वेळेत ९८-८६ असं हरवून युरोलीग जिंकली. कोच होते डेव्हिड ब्लॅट. पुढच्याच महिन्यात ते अमेरिकेत क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सकडे गेले आणि माक्काबीने त्यांचे सहाय्यक गाय गुडेस यांना मुख्य कोच केलं. माणूस घरचाच, पूर्वी माक्काबीकडून खेळलेला. २०१५ चा इस्रायली चषक त्यांनी मिळवला, पण लीगचं विजेतेपद हापोएल जेरुसलेमने नेलं. नोव्हेंबर २०१५ मध्ये गुडेस यांना निरोप मिळाला.

आता गंमत बघा. २२ जानेवारी २०१६ ला क्लीव्हलँडने ब्लॅट यांनाच काढलं, तेही ४१ पैकी ३० सामने जिंकलेले असताना! त्यांच्या जागी आले त्यांचेच सहाय्यक टायरन ल्यू. जूनच्या अंतिम फेरीत संघ ३-१ असा मागे पडला होता. तिथून उठून त्याने विजेतेपद मिळवलं. १९६४ नंतर त्या शहराला मोठ्या खेळातलं हे पहिलंच विजेतेपद.

एकाच गुरूचे दोन सहाय्यक, मग एक का तरला आणि दुसरा का नाही? एक कारण सरळ आहे. ल्यूंना लेब्रॉन जेम्स आणि कायरी अर्विंगसह भरलेलं घर मिळालं. गुडेस यांच्या हाती संघ आला तेव्हा टायरीस राइस आणि रिकी हिकमन निघून गेले होते. सगळा दोष कोचच्या माथी मारणं बरोबर नाही.

दुसरं कारण मी नर्सच्या नजरेने सांगते. वॉर्डची जुनी इन्चार्ज सिस्टर निवृत्त झाली, की तिच्या हाताखालची नर्स तिच्या खुर्चीवर बसते. तिला वॉर्डचा कोपरा न् कोपरा ठाऊक असतो, डॉक्टरांचे स्वभाव ठाऊक असतात. पण कालपर्यंत जिच्याबरोबर चहा प्यायली, त्याच मैत्रिणीला सणाच्या दिवशी रात्रपाळी लावायची वेळ येते. तिथे खरी परीक्षा होते. जिला ते जमतं तिचा वॉर्ड चालतो. ल्यूंना ते जमलं. आल्या आल्याच त्यांनी खेळाडूंचा दम कमी पडतोय हे उघड बोलून दाखवलं. सहाय्यक असताना गोड बोलणं चालतं हो, मुख्य झाल्यावर खरं बोलावं लागतं.

आपल्याकडे म्हण आहे, पिकतं तिथे विकत नाही. घरच्या माणसाचे दोष रोज दिसतात, आणि बाहेरच्याचे? दुरून डोंगर साजरे! मायामी हीटने मात्र घरच्यावर भरवसा ठेवला. एरिक स्पोल्स्ट्रा १९९५ मध्ये तिथे व्हिडिओच्या खोलीत कामाला लागले, २००८ मध्ये मुख्य कोच झाले. २०११ ची अंतिम फेरी हरले, तरी त्यांना काढलं नाही. २०१२ आणि २०१३ मध्ये त्यांनी विजेतेपद आणलं.

आणि मुलांनो, टोरंटोने २०१८ मध्ये ज्या सहाय्यकाला बढती दिली त्याचं नाव निक नर्स! २०१९ मध्ये टोरंटो विजेता. मी तर खूशच झाले.

तेव्हा माझं मत असं. सहाय्यकाला जरूर बढती द्यावी, पण नोकरीची वर्षं मोजून नव्हे. मोठा कोच जागेवर नसताना खेळाडू त्याचं ऐकतात का, ते पाहावं. आणि एकदा खुर्ची दिली, की अधिकारही पुरता द्यावा आणि वेळही. रोप लावून दुसऱ्या दिवशी उपटून मुळं बघणाऱ्याच्या बागेत काही उगवत नाही.

मुलांनो, तुमच्या शाळेच्या संघाचा कोच गेला तर तुम्ही कोणाला निवडाल? आजी-आजोबांशी वाद घाला, आणि तो मराठीतच घाला बरं का!