आधी घरातला इतिहास विचारा

कुक्करहळ्ळी तलावावर सकाळी फिरणाऱ्या आमच्या सरस्वतीपुरमच्या पेन्शनर मंडळींत सध्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा विषय रंगतो. कुणाच्या तरी अमेरिकेतल्या लेकाने फोनवर बजावलंय, पंचेचाळिशी आली की तपासणी हवीच. तिकडे २०२१पासून तशी शिफारस आहे खरी.

पण ती इथे जशीच्या तशी उचलू नये, असं माझं मत. पाश्चात्त्य देशांच्या मानाने हा कॅन्सर भारतात कमी आढळतो. आपल्या सरकारच्या २०१६च्या तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, आतडं नाही. २०२२च्या एका मोठ्या युरोपीय अभ्यासात दहा वर्षांत हा कॅन्सर होण्याचं प्रमाण कोलोनोस्कोपीला (दुर्बिणीने मोठं आतडं तपासायला) न बोलावलेल्यांत १.२० टक्के, बोलावलेल्यांत ०.९८ टक्के निघालं. अर्थात बोलावलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक फिरकलेच नाहीत.

माझ्या थोरल्या भावाला पन्नाशीतच हा आजार झाला, म्हणून मी कोलोनोस्कोपी करून घेतली. त्रास झाला तो आदल्या रात्री: ते खारट औषध लिटरांनी प्यायचं आणि संडासाच्या वाऱ्या करायच्या. तपासणी गुंगीतच उरकली. एक पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरची छोटी गाठ, सापडला, तो तिथेच काढला.

घरात कुणालाच हा आजार झालेला नसेल, तर पन्नाशीनंतर डॉक्टरांशी बोलून शौचातलं न दिसणारं रक्त तपासून घ्यावं. ते सापडलं, तर मात्र कोलोनोस्कोपी टाळू नये. आणि डोळ्यांना रक्त दिसत असेल, तर मूळव्याध समजून मलमं लावत बसू नये, सरळ डॉक्टर गाठावा.