तातडीचा हिशेब

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या नव्या विभागाचे उद्घाटन होते. पुण्यातल्या एका पीआर एजन्सीत मी तेव्हा नवखी होते. दुपारी तीनला कार्यक्रम आटोपला आणि चारला प्रेसनोट तयार झाली. मग ती अप्रूव्हलसाठी फिरू लागली. आधी आमचे वरिष्ठ, मग क्लायंटचा एचआर विभाग, मग त्यांचे मुंबईचे मुख्यालय. पाहुण्यांच्या पदनामांचा क्रमच तीनदा खालीवर झाला. रात्री साडेदहाला ‘फायनल’ हाती आली. शिरूरच्या वार्ताहरांना फोन केला, तर ते म्हणाले, “अहो ताई, ग्रामीणचं पान केव्हाच गेलं. आता उद्या बघू.” मी घरी पोहोचले तेव्हा एक वाजून गेला होता. सकाळी नऊला ऑफिसात विचारणा झाली ती एकच, कात्रणे कुठे आहेत?

त्या दिवशी कष्टात कुणी कसूर केली नव्हती. तासाभराच्या कामाला साडेसात तास लागले, कारण शेवटचा शब्द कुणाचा, हे आधी कुणी ठरवलेच नव्हते. तालुक्याची पाने शहर आवृत्तीच्या आधी सुटतात, हेही कुणी क्लायंटला सांगितले नव्हते. आमची जागरणे बहुतेक अशीच असतात. ‘हे क्षेत्रच असं आहे’ म्हणून आपण ती नव्या मुलामुलींच्या माथी मारतो. मला ते मान्य नाही. दोष क्षेत्राचा नाही, व्यवस्थापनाचा आहे.

खरी तातडी आपल्या कामात असते. दौंडजवळच्या कुरकुंभ वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. तिथे मध्यरात्री आग लागली, तर आजूबाजूच्या गावांना खरी माहिती लगेच मिळालीच पाहिजे. त्या रात्री जागणे हे कर्तव्यच आहे. पण वर्धापनदिनाच्या पोस्टमधला लोगो बदलायला रात्री बाराला कुणाला उठवायचे आणि दोन्हींना एकच ‘अर्जंट’ शब्द वापरायचा, हे बरोबर नाही. अशाने आग लागेल त्या रात्री आपल्याकडे ताजातवाना एकही माणूस उरणार नाही.

निवडणुकीत हे ढिसाळ नियोजन आणखी उघडे पडते. लोकसभेला दौंड बारामती मतदारसंघात येते आणि शेजारचा शिरूर तालुका शिरूर मतदारसंघात. २०२४ मध्ये बारामतीचे मतदान ७ मे रोजी झाले, शिरूरचे १३ मे रोजी. ज्यांनी दोन्हीकडची कामे घेतली, त्यांना मध्ये मोजून पाच दिवस मिळाले. तारखा दीड-दोन महिने आधीच जाहीर झाल्या होत्या. तरीही दुसरी टीम न नेमता त्याच मुलांना भीमेच्या एका बाजूवरून दुसरीकडे पळवणे, याला नाइलाज म्हणता येत नाही.

अशा जागरणांची किंमत आपल्या भाऊबंद व्यवसायाने मोजली आहे. जपानच्या देंत्सू या जाहिरात कंपनीत २०१५ साली रुजू झालेल्या २४ वर्षांच्या मात्सुरी ताकाहाशीने त्याच वर्षी नाताळच्या दिवशी आयुष्य संपवले. तिने महिन्यात शंभराहून अधिक तास जादा काम केले होते. २०१७ मध्ये न्यायालयाने कंपनीला बेकायदा जादा कामाबद्दल पाच लाख येन दंड केला. पुण्यात जुलै २०२४ मध्ये ॲना सेबॅस्टियन या २६ वर्षांच्या सनदी लेखापालाचा मृत्यू झाला. तिच्या आईने पत्र लिहून कामाच्या ताणाकडे बोट दाखवले. तिच्या कंपनीने ते मान्य केले नाही. पण नंतरच्या तपासणीत त्या कार्यालयाची २००७ पासून दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नसल्याचे कामगार विभागाने सांगितले.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या या कायद्याने दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, जादा तासांना दुप्पट दर ठेवला. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दिवसाचे ९ तास १० वर नेण्यास मंजुरी दिली. मर्यादा वाढली तरी तास मोजायचे बंधन सुटत नाही. वर्षभराचा अनुभव असलेल्या मुलाला ‘मॅनेजर’ची पाटी देऊन तर ते मुळीच सुटू नये.

एजन्सी चालवणाऱ्यांना माझे सांगणे थोडके आहे. रिटेनर ठरवतानाच तास लिहा आणि ते ओलांडले की जादा बिल लावा. क्लायंटकडून अप्रूव्हल देणारी एकच व्यक्ती ठरवून घ्या. रात्री आठनंतरच्या कामाला पाळी लावा, आणि जो जागेल त्याला दुसऱ्या दिवशी भरपगारी सुटी द्या. ‘हे उद्या होईल’ असे क्लायंटला सांगायचे काम तुमचे आहे. ते बावीस वर्षांच्या मुलीवर ढकलू नका.

तास कसे नोंदवतात, ते रेल्वेकडे पाहा. दौंड हे मोठे जंक्शन आहे. लोको पायलटांच्या कामाच्या तासांवरून रेल्वेत संघटनांचे भांडण आजही चालू आहे. पण तिथे भांडायला नोंद तरी असते. साइन ऑन किती वाजता, साइन ऑफ किती वाजता, सगळे लिहिलेले. आपल्याकडे थकलेल्या मुलांच्या हाती असा एकही कागद नाही. या महिन्यापासून तेवढी वही आपल्या ऑफिसात सुरू करा. आणि पहिल्या पानावर सर्वांत वरच्या साहेबांचे तास लिहा.