जाड पत्रा की शहाणा पत्रा?

मोटारसायकलीच्या पोटाखाली कधी वाकून पाहिले आहे काय? साध्या गाडीला तेथे इंजिनाचा तळ उघडाच दिसतो. पण डोंगरवाटांसाठी बनवलेल्या गाडीला, उदाहरणार्थ २०१६ साली आलेल्या रॉयल एनफील्ड हिमालयनला किंवा २०१९ च्या हीरो एक्सपल्सला, तेथे एक वाकवलेला पत्रा बोल्टांनी बसवलेला आढळेल. त्याला स्किड प्लेट म्हणतात, कोणी बॅश प्लेट म्हणतात. या दोन्ही गाड्यांचे पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर उंच आहे. तरीही वाटेतला एखादा धोंडा त्याहून उंच निघतोच. तो इंजिनाला लागण्याआधी या पत्र्याला लागावा आणि गाडी त्यावरून घसरत पुढे जावी, एवढेच पत्र्याचे काम.

हा पत्रा घरीच कापून, भोके पाडून, वाकवून हवा तसा करून घेण्याची हौस पुष्कळ तरुणांना असते. तुमच्यापैकी कोणाचा मोठा भाऊ किंवा मामा अंगणात हा उद्योग करीत असेल आणि तुम्ही पाना धरायला शेजारी बसत असाल. घरातील वडीलधारी मंडळी मात्र म्हणतात, "कंपनीने दिले आहे त्याला हात लावू नये." ब्रेक, हँडल, चाके आणि गाडीची चौकट यांच्याबाबत मंडळींचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम ५२ ची बंधनेही आहेत. तेव्हा पत्रा बसवण्यासाठी चौकटीला वेल्डिंग करणे वगैरे मनातही आणू नका. परंतु हा पत्रा म्हणजे चार बोल्ट काढले की हातात येणारी वस्तू. बिघडला तर भंगारात टाकता येतो आणि मूळचा पुन्हा बसवता येतो. शिकण्यासाठी गाडीचा याहून चांगला भाग मला तरी दिसत नाही.

माझी तक्रार हौसेबद्दल नाही. हौशी माणूस बहुधा एकच बदल करतो, तो म्हणजे पत्रा आणखी जाड करणे, त्याबद्दल आहे.

थोडे गणित करू. ३० सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर लांब पत्रा घ्या. पोलादाची घनता पाण्याच्या सुमारे ७.८५ पट, ॲल्युमिनियमची २.७ पट. ३ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा भरेल सुमारे २.८ किलो, ५ मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा भरेल १.६ किलो. आता यातला ताठ कोणता? पोलाद हा पदार्थ ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट ताठ आहे, म्हणून उत्तर 'पोलाद' असे वाटेल. पण वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. तीनचा घन २७, पाचचा १२५. सगळा हिशेब केला, तर ॲल्युमिनियमचा पत्रा वजनाला निम्म्याहून थोडाच अधिक असून सुमारे दीडपट ताठ निघतो!

हा घनाचा नियम कागदावर पटत नसेल तर घरी पाहा. दोन सारख्या जुन्या लग्नपत्रिका मिळवा आणि त्यांच्या सारख्या पट्ट्या कापा. दोन पुस्तकांवर एक पट्टी पुलासारखी ठेवून मध्यभागी एकेक नाणे ठेवत जा, आणि पूल किती झुकतो ते मोजा. मग दोन पट्ट्या नुसत्या एकावर एक ठेवून पाहा; ताठपणा साधारण दुप्पट होईल. आता त्याच दोन पट्ट्या पूर्ण डिंक लावून चिकटवा आणि वाळू द्या. ताठपणा आठपटीच्या जवळपास जातो. सुट्या पट्ट्या वाकताना एकमेकींवरून सरकतात, चिकटवलेल्या सरकू शकत नाहीत, हे त्याचे कारण. मूळ पत्र्याखाली दुसरा पत्रा दोन बोल्टांनी अडकवून "डबल मजबूत" म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर करावा. तिसरी गंमत म्हणजे एकाच पट्टीच्या दोन्ही लांब कडा अर्धा सेंटिमीटर काटकोनात दुमडा. जाडी तेवढीच, वजन तेवढेच, आणि नाणी मात्र किती पेलते पाहा! पत्र्याच्या कडा वर दुमडलेल्या असतात त्या शोभेसाठी नव्हेत.

मग ताठपणा जितका जास्त तितके चांगले काय? येथेच खरी मेख आहे. स्वारासह २५० किलोची गाडी १० सेंटिमीटर खाली येऊन दगडावर टेकली आणि पत्रा १ सेंटिमीटर दबून ती थांबली, असे समजा. थांबण्याचे अंतर पडण्याच्या दहाव्या हिश्शाइतके. म्हणून सरासरी बल वजनाच्या सुमारे दहापट, म्हणजे अडीच टनांच्या भाराएवढे. तीच गाडी २ मिलिमीटरमध्ये थांबली तर साडेबारा टन! प्रत्यक्षात चाके आणि शॉकॲब्सॉर्बर यातला पुष्कळसा भाग पेलतात, तरी प्रमाण तेच राहते. क्रिकेटमध्ये झेल घेताना हात मागे ओढतात ना, तसेच हे. पत्र्याने थोडे दबले पाहिजे, आणि दबायला जागा हवी म्हणून इंजिन व पत्रा यांत बोटभर अंतर हवे. इंजिनाला चिकटवून बसवलेला जाड पत्रा सारा धक्का इंजिनाच्या ओतीव खोळीला पोचवतो. ओतीव धातू वाकत नाही, तडकतो. तडकला की तेल वाहून जाते आणि घाटात गाडी जागीच बसते.

हीच गोष्ट बोल्टांची. मूळ बोल्ट काढून दुकानातले सर्वांत कठीण बोल्ट घालणारे वीर मला ठाऊक आहेत. घरातला फ्यूज उडतो म्हणून त्या जागी जाड तार घालणारे आणि हे, एकाच जातीचे. मोठ्या आघातात काहीतरी तुटणारच असेल, तर ते वीस रुपयांचे तुटावे की चौकटीवरचा कान तुटावा? मात्र बोल्ट कंपनांनी सैल होता कामा नयेत. पुढचा बोल्ट गळाला, तर पत्र्याची पुढची कड खाली लोंबून रस्त्यात रुतू शकते, आणि तो प्रसंग धोंड्याहून भयंकर. म्हणून नायलॉनचे कडे असलेले नट वापरतात. बोल्टाचे डोके पत्र्यात बुडलेले हवे. बाहेर राहिले तर दगडांवर घासून त्याच्या कडा जातात आणि पुढे कोणताही पाना त्याला धरीत नाही.

भोकांविषयीही सांगायला हवे, कारण हौशी मंडळी ती नक्षीसारखी पाडतात. तेल बदलण्याच्या बोल्टाखाली पाना आत जाईल एवढे भोक असावे. ते नसेल तर दर वेळी पत्रा उतरवावा लागतो, आणि मग आळसाने तेल बदलणेच लांबते. वाऱ्याने थंड होणाऱ्या इंजिनाला हवा लागावी म्हणून काही भोके, आणि चिखल-पाणी निघून जावे म्हणून सर्वांत खालच्या जागी एखादे. पत्र्यावर साचून वाळलेला चिखल इंजिनाला गोधडीसारखा उबदार होतो! खिडकी कापायची झाल्यास तिचे कोपरे आधी ड्रिलने गोल करून घ्या. टोकदार कोपऱ्यात ताण एकवटतो आणि तेथूनच चीर सुरू होते. १९५४ साली दोन 'कॉमेट' जेट विमाने आकाशात फुटली, तेव्हा तपासात अशाच कापलेल्या खिडक्यांच्या कोपऱ्यांजवळ धातूचा थकवा सापडला होता.

काम मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे. पत्रा शेगड्यात आवळा. हातात धरला तर ड्रिल आरपार जाताना तो गर्रकन फिरतो आणि बोटे कापतो. डोळ्यांवर चष्मा हवा, ड्रिल चालवताना हातमोजे नकोत. आधी पंचाने खूण, मग बारीक भोक, मग मोठे. ॲल्युमिनियमवर रॉकेलचे दोन थेंब टाकले की ड्रिल चोंदत नाही. वाकवायचा पत्रा विकत घेताना मिश्रधातूचा क्रमांक विचारा. ५०५२ सुखाने वाकतो; कडक केलेला ६०६१ आवळून वाकवला तर वाकणावर चिरतो.

आठवीपासून आपण बल, घनता, दाब यांच्या व्याख्या पाठ करतो. प्रयोगवहीत सुंदर आकृत्याही काढतो. माझे स्पष्ट मत आहे की, शाळेच्या प्रयोगशाळेत एक शेगडा, एक कानस आणि असा एखादा भंगारातला पत्रा असावा. त्याला गुण नसले तरी चालेल.

आणि तुमच्या घरी असा पत्रा तयार झालाच, तर पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे नट तपासा. पावसाळा संपला की पत्रा उतरवून स्वच्छ धुवा आणि उन्हात धरून त्यावरचे ओरखडे नीट पाहा. ते कोठे दाट आहेत, लांब आहेत की एकाच जागी खोल खड्डा पडला आहे, एखाद्या भोकाच्या कडेला केसासारखी चीर दिसते काय, हे वहीत आकृती काढून टिपून ठेवा. पुढचा बदल कोठे करायचा ते त्या आकृतीवरून ठरवता येईल.