गीदडाच्या बिळापुढे भरलेली पंचायत



फरीदाबादला पोस्टिंग आल्यापासून लिहिणं मागे पडलंय. इथली गर्दी, धूर आणि दिल्लीच्या फेऱ्या यात रविवार कसा जातो ते कळत नाही. आज मात्र राग आलाय म्हणून बसलोय. राग ओसरायच्या आत लिहून टाकतो.

मार्चमधल्या एका रविवारी ओळखीच्या एका रिटायर्ड सूबेदार साहेबांनी शेतावर बोलावलं. अरवलीच्या पायथ्याशी, मांगरच्या बाजूला त्यांची वडिलोपार्जित दोन किल्ले जमीन आहे. इकडे एकराला किल्ला म्हणतात. गहू कंबरेपर्यंत उभा होता. बांधावर वेड्या बाभळीचं जाळं आणि त्याच्या मुळाशी एक बीळ. साहेबांच्या नातवानं संध्याकाळी तिथं तीन पिल्लं खेळताना पाहिली आणि घरात एकच गोंधळ उडाला. मी पोचलो तेव्हा बिळापासून पन्नास पावलांवर खाटा टाकून पंचायत बसली होती.

पंचायतीपुढे चार प्रस्ताव होते. एक, बिळात मिरची आणि ओला पेंढा पेटवून धूर करायचा. दोन, कोंबडीच्या आतड्यात उंदराचं औषध घालून ठेवायचं. तीन, जेसीबी बोलवून बांधच सपाट करायचा. चौथा प्रस्ताव स्वतःला दयाळू समजणाऱ्या एका शेजाऱ्याचा होता. पकडा आणि मांगरच्या जंगलात सोडून या. शेवटी सूबेदार साहेब माझ्याकडे वळले, "आप बताओ साब, गीदड तो अपशकुनी जानवर है."

मी काय सांगितलं ते पुढे येईलच. आधी मी एकेकाळी काय केलं होतं ते सांगतो, नाहीतर मी फुकटचा उपदेश करतोय असं वाटेल.

बऱ्याच वर्षांपूर्वी राजस्थानच्या बाजूला एका ठिकाणी आम्ही होतो. इन्स्पेक्शन तोंडावर आलं होतं. एका स्टोअरच्या भिंतीखाली कोल्ह्याचं बीळ होतं. हुकूम आला, "वो बिल साफ करो." मी तेव्हा नवा लान्स नाईक, अंगात नको इतका उत्साह. चार जवान घेतले, बिळात दगड आणि मलबा भरला, वरून सिमेंट ओतलं. अर्ध्या तासात काम फत्ते. आत काय आहे हे कुणी बघितलं नाही. मीही नाही.

त्या रात्री त्याच बाजूची संतरी ड्यूटी माझी होती. अंधार पडल्यावर मादी आली. तोंडात काहीतरी होतं, ते तिनं खाली ठेवलं आणि उकरायला लागली. मी टॉर्च मारला तर दहा पावलं मागे जायची, टॉर्च बंद केला की परत यायची. पहाटेपर्यंत हे चाललं. सकाळी सिमेंटवर नखांचे ओरखडे आणि रक्ताचे डाग होते. दुसऱ्या रात्री दोघं आले, नर आणि मादी. तिसऱ्या रात्री कुणी आलं नाही. इन्स्पेक्शन उत्तम पार पडलं.

हुकूम बीळ हटवायचा होता. कसं आणि कधी, हे माझ्यावर सोडलं होतं. त्यामुळे ती पिल्लं माझ्या खात्यावर आहेत, हुकूम देणाऱ्याच्या नाही. वीस वर्षं ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. त्या दिवशी खाटेवर बसून पहिल्यांदा सांगितली.

आता एकेक प्रस्ताव घेऊ.

आधी समोर कोण आहे ते ओळखा. आपल्या भाषेतच घोळ आहे. शहरातली माणसं गीदड आणि लोमडी दोघांनाही कोल्हा म्हणून मोकळी होतात. आमच्या माण तालुक्यात माळरानावरच्या म्हाताऱ्यांना फरक पक्का माहीत असायचा. कोल्हा म्हणजे गीदड, आठ-दहा किलोचा, गावकुत्र्याएवढा, रात्री टोळीनं कोल्हेकुई करणारा. खोकड म्हणजे लोमडी, जेमतेम दोन-तीन किलोची, झुबकेदार शेपटीची, उघड्या माळावर अनेक तोंडांचं बीळ करून राहणारी. खोकड किडे, वाळवी आणि उंदीर यांवर जगते. ती शेळी नेते म्हणणाऱ्यानं एकदा तिचं वजन करून पाहावं. साहेबांच्या बांधावर होता तो कोल्हा.

विषाचं बघा. आतडी खाणारा प्राणी तुमच्या मनातलाच असेल याची हमी कोण देणार? शेजाऱ्याचं कुत्रं खाईल, मुंगूस खाईल, घार खाईल. मेलेलं धूड आणखी कुणी खाईल. फौजेत मार्किंग न करता कुणी सुरुंग पेरले तर त्याचं आपण काय करतो? मग हे वेगळं कसं?

धूर आणि जेसीबी म्हणजे मी केलं तेच. मोठे दोघे पळून जातात, मरतात ती फक्त पिल्लं. वर मोठे दोघे त्याच परिसरात राहतात, आणि आता ते बिथरलेले असतात.

राहिला दयाळू प्रस्ताव. कोल्ह्याची जोडी आपापला इलाका धरून असते. बऱ्याचदा आदल्या वर्षीचं एखादं पिल्लू घरीच राहून धाकट्यांना सांभाळायला मदत करतं. त्यांना उचलून दुसऱ्या जंगलात सोडलं तर तिथं आधीच दुसऱ्या जोडीचा ताबा असतो. पिल्लं घेऊन अनोळखी मुलखात ते कुठं जाणार? आणि इथली रिकामी जागा पुढच्या मोसमात दुसरी जोडी येऊन भरते. पोस्ट रिकामी सोडली की कोणीतरी येऊन बसतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

शिवाय कायदा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नव्हे. विष घालणं, पकडणं, फासा लावणं, हाकून काढणं, हे सगळं त्या व्याख्येत येतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर कोल्हा पहिल्या परिशिष्टात आहे, वाघाबरोबर. शिक्षा तीन ते सात वर्षं आणि दंड किमान २५ हजार. मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवानगीशिवाय त्याला हात लावता येत नाही. आयुष्यभर बेदाग नोकरी करून पेन्शनवर बसलेल्या माणसानं उंदराच्या औषधापायी कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या का?

आता समोरच्या बाजूचं म्हणणं. ते खोटं नाही, म्हणून ते टाळणार नाही.

कोल्हा कोंबडी नेतो, हे खरं. नुकतं जन्मलेलं करडू उघड्यावर सापडलं तर तेही नेतो. पण त्याचं रोजचं पोट कशावर चालतं? इथून जवळच भरतपूरला केवलादेव राष्ट्रीय उद्यानात त्याच्या आहाराचा अभ्यास झालाय. साठ टक्क्यांहून जास्त भाग उंदीर, पक्षी आणि फळं यांचा निघाला. आपल्याकडे म्हण आहेच, कोल्हा काकडीला राजी. ज्यांनी ती म्हण केली त्यांनी त्याला काकडीच्या वाडीत पाहिलेलं होतं. सूबेदार साहेबांच्या गव्हात उंदरांची बिळं मी स्वतः मोजली. दहा पावलांत सात. त्यांची पगारावर राखण ठेवायची म्हटली तर माणूस मिळणार नाही, आणि हा फुकट करतोय. कोंबड्या अंधाराआधी जाळीच्या खुराड्यात कोंडल्या आणि जाळी वीतभर जमिनीत पुरली की निम्मं भांडण मिटतं.

दुसरी भीती रेबीजची. ही भीती बरोबर आहे आणि मी ती हसण्यावारी नेणार नाही. पिसाळलेला कोल्हा दिवसाढवळ्या गावात शिरतो, माणसाला घाबरत नाही, चावत सुटतो. असा दिसला तर पोरं घरात घ्या आणि वनखात्याला कळवा. चावा बसलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि थेट दवाखाना गाठा. जंगली जनावराचा चावा म्हणजे लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागतं, ते मागून घ्या. हळद, चुना, तंबाखू काही लावू नका. पण आपल्या देशात माणसाला रेबीज होतो तो बहुतेक सगळा कुत्र्यापासून. कोल्ह्यालाही तो बऱ्याचदा कुत्र्याकडूनच मिळतो. त्या पंचायतीत बसलेल्या प्रत्येकाच्या दारात कुत्रं होतं. लस किती जणांनी टोचलीय विचारलं, तर एकानंही हात वर केला नाही.

तिसरी गोष्ट अपशकुनाची. याच गावांच्या जत्रेत "गीदड सिंगी" नावाचा केसाळ गोळा विकतात, तिजोरीत ठेवला की लक्ष्मी येते म्हणे. कोल्ह्याला शिंग नसतं. कुणालाही नसतं. म्हणजे जिवंत असला तर अपशकुनी आणि मेल्यावर लक्ष्मी! साहेबांच्या लोकांनाही हसू आलं.

पण माझा खरा राग पंचायतीवर नाही. ती शेतकरी माणसं आहेत, नुकसान झालं की चिडणारच. माझा राग त्या एका वाक्यावर आहे जे तिथं प्रत्येकानं म्हटलं: "ये जानवर आजकल शहर में घुसने लगे हैं."

हिंदीत म्हण आहे, गीदडाची मौत आली की तो शहराकडे धावतो. फरीदाबादमध्ये कोण कुणाकडे धावलं? हा डोंगर खाणींनी पोखरला गेला. २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाला खाणी थांबवाव्या लागल्या. ज्या बडखल तलावावर दिल्लीकर होडीत बसायला यायचे तो कोरडा पडला. फरीदाबाद आणि गुरुग्राम दोन्ही शहरांचा कचरा याच अरवलीत बंधवाडीला डोंगरासारखा रचला जातो. कचऱ्यावर कुत्र्यांचे कळप पोसले जातात आणि तेच कळप कोल्ह्याच्या पिल्लांवर तुटून पडतात. राहिलेल्या जागेत फार्महाऊस आणि लग्नाचे हॉल. रात्री दोनपर्यंत डीजे. मांगर बनी मात्र शाबूत आहे, धौच्या झाडांची राई, कारण गावानं गुदडिया दास बाबांच्या नावानं तिथली फांदीसुद्धा तोडली नाही. जे सरकारी कागदाला जमलं नाही ते एका बाबाच्या धाकानं जमवलं. देवराई म्हणजे काय हे आपल्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

आणि इथं मला माझ्या रिटायर्ड बांधवांशी बोलायचंय. ग्रॅच्युइटीचे पैसे हातात आले की दलाल फोन करतो, "सरजी, अरवली व्ह्यू, फार्महाऊस प्लॉट, एकदम खाली जमीन." खाली म्हणजे रिकामी. तिथं कुणी राहत नाही असं त्याचं म्हणणं. १९०० सालचा पंजाब लँड प्रिझर्वेशन अॅक्ट त्याच्या तोंडी कधी येत नाही. त्या कायद्याच्या कलम चारखाली खास आदेश निघालेली जमीन जंगलच आहे, असं सुप्रीम कोर्टानं जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केलं. २०१८ मध्ये कांत एन्क्लेव्हमधली बांधकामं पाडायचा आदेश झाला, २०२१ मध्ये खोरी गावातली हजारो गरिबांची घरं जमीनदोस्त झाली. तेव्हा प्लॉट बघायला जाल तर दोन गोष्टी करा. तहसीलमध्ये आणि वनखात्यात कागद तपासा. आणि एकदा दिवस मावळल्यावर तिथं जाऊन उभे राहा. कोल्हेकुई ऐकू आली तर समजा, जमीन रिकामी नाही.

पंचायतीचं काय झालं? मी साहेबांना एवढंच म्हणालो, "साहब, जून तक की छुट्टी दे दो इनको." कोल्ह्याची पिल्लं दोन-तीन महिन्यांत बीळ सोडून आईबापामागे फिरायला लागतात. तोवर त्या कोपऱ्यात कुणी जायचं नाही, कुत्री बांधून ठेवायची, उष्टं-खरकटं आणि मेलेली कोंबडी उघड्यावर टाकायची नाही. नंतर बिळाच्या तोंडाशी राख पसरायची. लागोपाठ चार-पाच दिवस राखेवर पाऊल उमटलं नाही, म्हणजे घर रिकामं. मग हवं तर माती भरून घ्या आणि बाभळीचं जाळं साफ करा, पुढच्या वर्षी तिथं कुणी येणार नाही. ज्याला राहवत नाही त्यानं वनखात्याला फोन करावा, जेसीबीवाल्याला नको.

शेजारी कुरकुरला. सूबेदार साहेब बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपने वो सीमेंट वाली बात बता दी, अब कैसे भरूँ?"

गहू निघाला, मळणी झाली. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी शेतावर गेलो तेव्हा बिळापुढची राख कोरी होती. साहेबांच्या दोन कोंबड्या मधल्या काळात गेल्या, ते त्यांनी मला आवर्जून ऐकवलं. बीळ भरायला नातवानं फावडं हातात घेतलं, तर साहेबांनीच त्याला थांबवलं आणि आधी टॉर्च लावून स्वतः वाकून आत पाहिलं.

मीही वाकून पाहिलं. मग आम्ही माती भरली.

जय हिंद.