शिबिर मोफत आहे, मग आजी घरीच का?

गावात नेत्रतपासणी शिबिराचा फलक लागतो. शहरातले डॉक्टर आपला सुटीचा दिवस देतात, एक पैसाही घेत नाहीत. तरीही गल्लीतली एखादी आजी भिंत चाचपडत घरातच बसलेली असते. असं का होतं?

आधी मोतीबिंदू म्हणजे काय ते पाहू. डोळ्यातील बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असते. वयानुसार ते गढूळ होत जाते आणि नजर अधू होते. भारतातील अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. औषधाचे थेंब टाकून मोतीबिंदू जात नाही. शस्त्रक्रिया करून गढूळ भिंग काढतात व कृत्रिम भिंग बसवतात. डोळा बाकी निरोगी असेल तर पुन्हा चांगले दिसू लागते. म्हणजेच हे अंधत्व नशिबाचे नाही, टाळता येणारे आहे.

हे काम ज्यांनी आयुष्यभर केले, त्यांत डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांचे नाव मोठे आहे. संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झाली होती. त्याच बोटांत शस्त्र धरायला ते नव्याने शिकले आणि एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ मध्ये त्यांनी मदुराईत ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. ज्याला परवडते त्याने पैसे द्यावेत आणि त्यातून गरिबाचे मोफत व्हावे, ही तिथली रीत. आपल्याकडे लातूर जिल्ह्यातून आलेल्या डॉ. तात्याराव लहाने यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणि आनंदवनासारख्या ठिकाणी हेच काम केले.

पण मला यातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट वेगळीच वाटते. शस्त्रक्रिया मोफत केली तरी सगळे येत नाहीत, हे अरविंदच्या लोकांच्या लक्षात आले. बसभाडे कोण देणार? सोबत कोण येणार? त्याचा रोज बुडणार, त्याचं काय? मग त्यांनी प्रवास, जेवण आणि राहणेही मोफत केले.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की डॉक्टरांचे कौतुक करून आपले काम संपत नाही. घरापासून शिबिरापर्यंतचे अंतर आपणच पार करून द्यायला हवे. "आता वयच झालं, कशाला खर्च?" असं आजी म्हणते, कारण तिला कुणावर भार व्हायचं नसतं. "अजून पिकला नाही" म्हणूनही लोक थांबतात. पूर्वी थांबावे लागे, आता पिकण्याची वाट पाहायची गरज नाही. दिसण्यात अडचण येऊ लागली की डॉक्टरांना दाखवा.

विद्यार्थ्यांनो, तुम्हाला काय करता येईल?

• आपल्या गल्लीत कोणाला कमी दिसते, त्यांची यादी करा आणि शिक्षकांना किंवा आशाताईंना द्या.
• शिबिराच्या दिवशी घरातल्या मोठ्यांना सोबत घेऊन त्यांना तिथपर्यंत न्या.
• शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी सांगितलेले थेंब वेळेवर टाकायला मदत करा. पुढच्या तपासणीची तारीख चुकू देऊ नका.

डॉक्टर दूरवरून आपल्या गावापर्यंत येतात. आपल्याला फक्त आजीचा हात धरून चार घरं चालायचंय. तेवढं आपण नक्की करू शकतो.